आपले सरकार पोर्टल आणि सेवा हक्क कायदा: अडतं ते पावतीच्या आधी

एका दाखल्यासाठी तहसीलला आठ-आठ हेलपाटे घालायचे दिवस बऱ्याच अंशी मागे पडले, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे आणि त्याच्या जोडीला आपले सरकार पोर्टल आहे. अर्ज ऑनलाइन जातो, दाखला डिजिटल सहीचा मिळतो, अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या, सेवेला मुदत ठरलेली असते आणि ती विनाकारण चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दंड भरावा लागू शकतो. इतकी पक्की तरतूद असूनही माणसं दाखल्यावाचून अडतात. कारण साधं आहे. कायद्याचं संरक्षण पावतीपासून सुरू होतं आणि बहुतेक अडवणूक पावतीच्या आधी होते.

म्हणून पावतीपासूनच सुरुवात. कायद्यानुसार अर्जाच्या पोचपावतीवर चार गोष्टी हव्यात: अर्ज मिळाल्याची तारीख, ठिकाण, अर्जाचा स्वतंत्र क्रमांक आणि सेवेची मुदत. अर्ज भरून देणाऱ्या आपले सरकार सेवा केंद्रात अनेकदा कागद ठेवून घेतात, "उद्या भरतो" म्हणतात आणि चिठोऱ्यावर पेनाने तारीख लिहून देतात. ती पावती नव्हे. सोमवारी कागद दिले आणि केंद्रचालकाने शुक्रवारी अर्ज भरला, तर मुदत शुक्रवारपासून मोजली जाते. मधले चार दिवस कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत हेच चार दिवस मुलांना महागात पडतात. तेव्हा छापील पावती हातात आल्याशिवाय केंद्रातून उठू नये. तिच्यावरचं नाव, सेवेचं नाव आणि रक्कम तिथेच वाचून पाहावी. पावतीपेक्षा जास्त पैसे मागितले, तर त्या जास्तीच्या पैशांना कोणताही आधार नाही. दरफलक केंद्रात दिसेल असा लावणं बंधनकारक आहे.

दुसरी चूक मोबाइल क्रमांकाची. घाईत केंद्रचालक स्वतःचा किंवा हाताशी असलेला कुठलाही नंबर टाकतो. मग त्रुटीचा निरोप त्या नंबरवर जातो आणि अर्जदार मात्र "काम चालू आहे" समजून पंधरा दिवस वाट पाहत बसतो. अर्जावर स्वतःचा नंबर आहे ना, हे पडद्यावर बघूनच अर्ज पुढे जाऊ द्यावा. ज्याला जमतं त्याने पोर्टलवर स्वतःच्या नावाने खातं उघडून घरूनच अर्ज भरावा. केंद्रातून भरलेला अर्ज आपल्या खात्यात दिसत नाही, पण मुखपृष्ठावरच्या अर्जाच्या मागोव्यात विभाग, उपविभाग, सेवेचं नाव आणि अर्ज क्रमांक टाकला की त्याची सद्यस्थिती कळते. पोर्टलमधली सर्वांत उपयोगाची सोय हीच. मिळालेला दाखला खरा आहे का, तेही त्यावरचा बारकोड क्रमांक टाकून तिथेच तपासता येतं.

कागद चढवणं हा सगळ्यांत चिडचिडीचा भाग. कागदपत्राची फाइल ७५ ते ५०० केबीच्या दरम्यान हवी. फोटो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ पिक्सेल उंच आणि ५ ते २० केबीचा. वरची मर्यादा सगळ्यांना माहीत असते, खालच्या मर्यादेवर अनेक जण अडकतात. व्हॉट्सॅपवरून आलेला रेशनकार्डाचा फोटो आकसून ५० केबीचा होतो आणि चढतच नाही. मग कोणीतरी तोच फोटो ताणून मोठा करतं. फाइल चढते, पण अक्षरं फुटलेली असतात आणि आठवड्याने "कागदपत्रे अस्पष्ट" असा शेरा येतो. मूळ कागद सपाट ठेवून मोबाइलच्या स्कॅनर ॲपने थेट पीडीएफ केली, तर दोन्ही अडचणी टळतात. रेशनकार्डाचं पहिलं पान पुरेसं नाही, कुटुंबातल्या माणसांची नावं असलेलं पानही जोडावं लागतं. स्वयंघोषणापत्रावर सही राहून जाणं ही तर नेहमीची चूक.

उत्पन्नाचा दाखला देण्याची मुदत १५ दिवस आहे, जातीचा दाखला देण्याची ४५. जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांत गल्लत करू नये. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पडताळणी जिल्हा समिती करते आणि दोन्हींचे अर्ज वेगळे.

मुदत परिपूर्ण अर्जापासून मोजतात, आणि खरा घोळ इथेच आहे. कार्यालयाला वेळ हवा असेल तर एक त्रुटी काढायची, ती दुरुस्त झाली की दुसरी काढायची, ही जुनीच रीत ऑनलाइनमध्येही टिकून आहे. काही वेळा त्रुटी न काढता अर्ज सरळ नामंजूर होतो. मग नवा अर्ज, नवी फी, नवी मुदत, आणि कार्यालयाच्या तक्त्यात मात्र आधीचा अर्ज "मुदतीत निकाली". बाहेरून बघणाऱ्याला सगळं वेळेवर चाललेलं दिसतं, दाखला हातात नसतो. देखरेखीतली ही मोठी पोकळी आहे. मुदतीत निकाली काढलेल्या अर्जांबरोबर नामंजूर अर्जांची संख्या आणि त्यांची कारणं कार्यालयाच्या फलकावर लागायला हवीत. तोवर अर्जदाराकडे एकच हत्यार आहे: नामंजुरीचं कारण लेखी देणं, आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचं हे कळवणं, अधिकाऱ्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. तोंडी "होत नाही" हे उत्तर धरू नये. प्रत्येक त्रुटीचा शेरा तारखेसह दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. दुसऱ्या त्रुटीतला कागद पहिल्या दिवसापासून अर्जात होता, हे दाखवता आलं की अपिलाचं अर्धं काम झालं.

अपील हा या कायद्याचा सर्वांत भक्कम आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे होतं. नामंजुरीचा आदेश मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत ते करायचं. उशिराचं सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंतही घेता येतं. त्यावर ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा. दुसरं अपील पहिल्याचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं. आदेशच आला नाही, तर पहिलं अपील केल्यापासून ४५ दिवसांनंतर ते करता येतं आणि त्याचा निर्णय ४५ दिवसांत. त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोग. तिथे जायला ६० दिवस आणि आयोगाला निर्णयासाठी ९० दिवस. निवडणूक किंवा पूर-भूकंपासारख्या आपत्तीच्या काळात सरकार सेवेची मुदत वाढवू शकतं, तेव्हा अपिलाआधी तसा आदेश निघाला आहे का ते बघावं.

अपिलात कैफियत लिहू नये. अर्ज क्रमांक, सेवेचं अधिसूचनेतलं नाव, पावतीची तारीख, मुदत संपल्याची तारीख, आजची सद्यस्थिती आणि मागणी, एवढं पानभर पुरतं. मागण्या दोन असाव्यात: सेवा द्यावी, आणि विलंबासाठी दंडाचा विचार करावा. दुसरी मागणी लोक संकोचाने गाळतात. ती लिहिली की विलंबाचं समर्थनीय कारण काय, याचा खुलासा कार्यालयाला करावा लागतो. दंड ५०० ते ५,००० रुपये. तो सरकारजमा होतो, अर्जदाराला त्यातला रुपयाही मिळत नाही. बुडालेल्या मजुरीची भरपाई या कायद्यात नाही, ही उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी. मात्र पहिलं अपील ऐकणारा अधिकारी वारंवार अपील लटकवत असेल किंवा चुकणाऱ्याला पाठीशी घालत असेल, तर त्यालाही दंड होऊ शकतो. ही तरतूद ज्याने घातली त्याला कार्यालयं आतून माहीत होती.

आयोगाच्या कामाबद्दलही दोन शब्द. कोणी अपील केलं नसलं तरी आयोग स्वतःहून दखल घेऊ शकतो, कार्यालयाची तपासणी करू शकतो आणि कामाची पद्धत बदलायची शिफारस करू शकतो. मुख्य आयुक्त मुंबईत आणि महसूल विभागांसाठी आयुक्त, अशी रचना असल्यामुळे अमरावतीकडच्या माणसाला मुंबई गाठावी लागत नाही. कार्यालयात अधिसूचित सेवा, मुदती, फी, जबाबदार अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी यांचा फलक लावणं सक्तीचं आहे. तो फलक नसेल, किंवा त्यावर दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव असेल, तर त्याचा फोटो आयोगाला पाठवावा. सांगायला छोटी, पण नेमकी गोष्ट.

आता या कायद्याचा हात कुठे पोचत नाही ते पाहू. कायद्याची मुदत फक्त अधिसूचित सेवांना आहे. दाखला त्यात येतो, पण त्या दाखल्यावर जे अनुदान उभं असतं त्याची वाट वेगळी. संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. महिन्याला १,५०० रुपये (ही वाढ २०२३ मधली, दिव्यांगांसाठी त्यानंतर आणखी वाढ झाली), आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा २१,००० रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला (दिव्यांगांसाठी ही मर्यादा जास्त आहे). शिवाय वयाचा पुरावा, १५ वर्षांचा रहिवास, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणपत्र नाहीतर पतीचा मृत्यू दाखला, ज्याचं जे कारण असेल ते. दाखला १५ दिवसांत मिळेल. पुढे अर्ज तालुका समितीच्या बैठकीत मंजूर व्हावा लागतो, आणि बैठक लांबली की सगळं लांबतं.

शिवाय २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. विधवा बाईने वर्षात शंभर दिवस हमीचं काम केलं, तर २९,७०० रुपये होतात, म्हणजे ती योजनेबाहेर. तलाठ्याने खरा आकडा लिहिला तर बाईचं अनुदान जातं, कमी लिहिला तर अहवाल खोटा ठरतो. मग कोणाच्या अहवालात कोणता आकडा पडेल हे नियमापेक्षा तलाठ्याच्या मनावर अवलंबून राहतं. मुदत मोजणारी देखरेख इथे काही करू शकत नाही. दाखला चौदाव्या दिवशी मिळाला, म्हणजे सेवा उत्तम, अशी नोंद होते. मर्यादा वाढवल्याशिवाय यावर उपाय नाही.

समितीकडे अर्ज अडकला असेल तर लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या दिवसाचा, उपयोग करावा. तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांसमोर. जिल्ह्यासाठी अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट किंवा माहिती अधिकारातली प्रकरणं तिथे घेत नाहीत. समितीच्या बैठका कधी झाल्या आणि आपला अर्ज कोणत्या बैठकीत ठेवला, हे माहिती अधिकारात विचारता येतं. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, १५० शब्दांच्या आत एकाच विषयाचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. आपले सरकारचं तक्रार निवारण हे आणखी वेगळं दालन. तिथली तक्रार म्हणजे सेवा हक्काचं अपील नव्हे. तिथे तक्रार करून अपिलाचे ३० दिवस घालवू नयेत.

मंजुरीनंतरही पैसे आले नाहीत तर तहसीलला जाण्याआधी बँकेचं बघावं. पैसे आता थेट खात्यात येतात, आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी) आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं गेलं त्याच खात्यात जातात, अर्जाला कोणतंही पासबुक लावलेलं असो. कधीतरी शिबिरात उघडलेलं आणि विसरलेलं खातं निघतं, त्यात चार हप्ते साठलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती ओटीपी टाकून पाहता येते. बदल हवा असेल, तर हव्या त्या बँकेत जाऊन नुसतं "आधार लिंक" न म्हणता डीबीटीसाठी सीडिंगचा, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशा आधार जोडणीचा, फॉर्म भरावा आणि त्याचीही पोच घ्यावी.