उसावरचा तांबेरा ओळखायचा: मॉडेल फोनवर की क्लाउडवर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंजचा भरवसा नाही, तिथे पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं एआय मॉडेल फोनवरच हवं. मॉडेलचे ३२ बिटांचे वेट्स (शिकून साठवलेले आकडे) ८ बिटांवर आणले की १०० एमबीचं मॉडेल साधारण २५ एमबी होतं. पण हे करताना कॅलिब्रेशनला, म्हणजे आकड्यांचा पल्ला ठरवायला, नुसते लख्ख उन्हातले फोटो दिले तर पावसाळी उजेडात अंदाज चुकतो; ढगाळ दिवसांचेही द्या. शिवाय पूर्ण पानाचा फोटो २२४ बाय २२४ पिक्सेलवर आणला की तांबेऱ्याचे बारीक ठिपके पुसले जातात. फोटोचे तुकडे पाडून तपासा, वेळ लागला तरी चालेल.

चिकोडी-अथणीकडे रेंज असेल तिथे क्लाउड (इंटरनेटवरचा दूरचा सर्व्हर) सोयीचा: मोठं मॉडेल, सुधारणा एकाच जागी. फोटो बाहेर न पाठवता फोनांवरच शिकवायचं आणि शिकलेलं तेवढं एकत्र करायचं, हे फेडरेटेड लर्निंग आम्हाला जास्त पटतं, पण शिवारागणिक डेटा बदलतो आणि एकत्रित मॉडेल डळमळतं. खरं संशोधन इथेच अडलंय.