स्क्लेरोमिक्सिडीमाच्या स्लाइड-संचाविषयी अभिप्राय
स्क्लेरोमिक्सिडीमा या दुर्मीळ, जन्मजात नसलेल्या त्वचाविकाराच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या तयार स्लाइडचा हा संच विकृतिशास्त्र शिकणाऱ्यांनी जरूर हाताळावा, असे मला मनापासून वाटते. अंतस्त्वचेच्या (त्वचेच्या आतल्या थराच्या) वरच्या व मधल्या भागात वाढलेले कोलॅजन हे तंतुमय प्रथिन, ते तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींची अस्ताव्यस्त दाटी आणि तंतूंमध्ये साचलेले म्युसिन, म्हणजे जेलीसारखा पदार्थ, ही तिन्ही लक्षणे येथे एकाच छेदात (त्वचेच्या पातळ कापात) स्पष्ट सापडतात. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात म्युसिनची जागा फिकट, जवळजवळ रिकामीच भासते; तीच जागा पीएच २.५ (आम्लता) असलेल्या अल्शियन ब्लू या खास रंगात निळीशार उमटते, आणि हा फरक शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय नजर तयार होत नाही. एक छेद मात्र इतका जाड आहे, की पेशींची केंद्रके एकमेकांवर चढलेली दिसतात. ती स्लाइड विक्रेत्याने बदलून द्यायला हवी.