सिसिंगहर्स्ट की स्टोरहेड?

इंग्लंडला निघालेल्या भाचीने विचारलंय, जुन्या वाड्याच्या आवारातली एकच बाग बघायची तर कुठली? सिसिंगहर्स्ट आणि स्टोरहेड या दोन्ही बागा नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू आणि बागा जपणारी ब्रिटिश संस्था) आहेत आणि दोन्ही प्रसिद्ध, त्यामुळे तिचा गोंधळ साहजिक आहे.

केंटमधलं सिसिंगहर्स्ट लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरल्ड निकोल्सन यांनी 1930 मध्ये घेतलं, तेव्हा तिथे पडीक इमारती आणि कचरा होता. भिंती नि कुंपणं घालून त्यांनी खोल्यांसारखी बाग रचली. एका खोलीत फक्त पांढरी फुलं आणि रुपेरी पानं. इथे झाड हाताच्या अंतरावर असतं. पाकळी, काटा, वेलीला दिलेला बाक, सगळं निरखता येतं. विल्टशरमधल्या स्टोरहेडला उलट, लांबून बघायचं. तिथले मालक हेन्री होअर यांनी 18व्या शतकात तळं तयार करून काठावर ग्रीक-रोमन धाटणीची देवळं उभारली. वळणावळणाला देखावा बदलतो.

चालणं स्टोरहेडला बरंच जास्त, चढउतारही आहेत. सिसिंगहर्स्ट आटोपशीर आहे, पण वाटा अरुंद, गर्दी लगेच जाणवते.

वाडा आतून बघायचा असेल तर स्टोरहेडच. 1902 च्या आगीतून वाचलेलं तिथलं ग्रंथालय मला फार मोलाचं वाटतं. सिसिंगहर्स्टला मुख्य आकर्षण मनोरा.

जूनमध्ये जाणाऱ्याने, गुलाबवेड्याने सिसिंगहर्स्ट गाठावं. ऑक्टोबरची पानगळ, मोकळं चालणं किंवा सोबत धावणारी मुलं असतील तर स्टोरहेड. भाची जूनमध्ये जातेय, आणि घरी कुंड्या सांभाळते. तिने सिसिंगहर्स्टच बघावं.