चौथीच्या वर्गात डेटाबेस आणि स्क्रॅच : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्राथमिक वर्गात प्रोग्रॅमिंग शिकवायचे म्हटले की सुरुवात बहुधा स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग साधनातले मांजर पडद्यावर चालवण्यापासून होते. पुणे जिल्ह्यातील आमच्या चौथीच्या वर्गासाठी मी हा क्रम मुद्दाम उलटा लावला. आधी माहितीचा तक्ता, म्हणजे छोटा डेटाबेस, करायचा, मग त्याला प्रश्न विचारायचे आणि हाताने उत्तर शोधण्याचा कंटाळा येऊ लागला की प्रोग्रॅमकडे वळायचे. पहिले सत्र पूर्ण होऊन दुसरेही निम्म्यावर आले असल्याने आता या पद्धतीबद्दल आणि तिच्यासाठी वापरलेल्या साधनांबद्दल काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

साधने दोनच आहेत : लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या प्रोग्रॅम-संचातील तक्ते करण्याचे कॅल्क आणि स्क्रॅचची इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती. दोन्ही मोफत आहेत. स्क्रॅच हे अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झाले, २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि आपण सध्या वापरतो ती तिसरी आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली. ते प्रामुख्याने ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे चौथीचा वर्ग त्यात जेमतेम बसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचा उल्लेख सहावीपासूनच्या टप्प्यात येतो. त्याआधी घाई करू नये हे मत मला मान्य आहे. मात्र तक्ता वाचणे आणि त्याला नेमका प्रश्न विचारणे यासाठी सहावीपर्यंत थांबण्याचे कारण दिसत नाही.

विषय म्हणून आम्ही जिल्ह्यातील नद्या घेतल्या. प्रत्येक मुलाने कागदाच्या पट्टीवर एका नदीचे नाव आणि ती कोणत्या नदीला मिळते एवढेच लिहिले. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा भीमेला, कुकडी घोडला, घोड भीमेला, पवना मुळेला, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. या पट्ट्या फळ्यावर लावून ‘भीमेला थेट मिळणाऱ्या नद्या कोणत्या?’ असे विचारले की मुले पट्ट्या निवडून बाजूला काढत. हेच काम कॅल्कमधील, हव्या त्या ओळीच दाखवणारा ऑटोफिल्टर करतो हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. फिल्टरची यादी उघडताच ‘भीमा’ आणि ‘भिमा’ या दोन वेगळ्या नद्या दिसल्या, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह बाई उगाच धरत नाहीत हेही वर्गाने मान्य केले. शुद्धलेखनासाठी इतके परिणामकारक साधन माझ्या हाती यापूर्वी आले नव्हते.

प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक का लागतो, हे शिकवायला नद्यांपेक्षा शाळेच्या कार्यालयातील नोंदवह्या अधिक उपयोगी पडल्या. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, नाव आणि आडनाव दोघांचे सारखे असू शकते; प्रवेशाची नोंद होते त्या जनरल रजिस्टरचा क्रमांक मात्र त्या शाळेत असेपर्यंत तोच राहतो. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या तक्त्यांच्या पद्धतीतील ही एक मूळ कल्पना आहे आणि ती आपल्या कपाटात आधीपासून होतीच.

स्क्रॅचकडे वळलो ते एका प्रश्नामुळे. कऱ्हेचे पाणी शेवटी कुठे जाते? तक्त्यात कऱ्हेपुढे फक्त नीरा आहे, म्हणून नीरेची ओळ शोधायची, तिथून भीमेची, मग कृष्णेची आणि ‘बंगालचा उपसागर’ येईपर्यंत हेच करत राहायचे. स्क्रॅचमध्ये दोन लिस्ट, म्हणजे याद्या, केल्या, एक नद्यांची आणि दुसरी त्या कोणाला मिळतात त्याची. पहिल्या लिस्टमध्ये नाव कितव्या जागी आहे ते पाहायचे, दुसऱ्या लिस्टमधून त्याच जागेवरचे नाव उचलायचे आणि उपसागर येईपर्यंत पुन्हा तेच करायचे. ब्लॉक, म्हणजे एकमेकांना जोडायचे सूचनांचे तुकडे, मोजकेच लागतात, पण त्यात शोध, अट आणि पुनरावृत्ती तिन्ही येतात, तेही उत्तर हवे आहे म्हणून. एका गटाने पहिल्या लिस्टमधून एक नाव पुसले आणि दुसरीत ते तसेच ठेवले. खालच्या सगळ्या नद्या एकेक घर सरकल्या आणि भलत्याच नद्यांना मिळू लागल्या. एका नोंदीची सगळी माहिती एका ओळीत बांधून का ठेवायची, याचे याहून चांगले उदाहरण मला रचता आले नसते.

आता देवनागरीबद्दल, कारण मराठी शाळांनी हे आधी माहीत करून घ्यावे. स्क्रॅचला ‘पुणे’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ४ येते, कारण उकार आणि मात्रा तिथे स्वतंत्र मोजल्या जातात. त्याहून त्रासाचा भाग अंकांचा आहे. देवनागरी अंक स्क्रॅच संख्या म्हणून ओळखत नाही. बेरजेत त्यांची किंमत शून्य धरली जाते आणि तुलना अक्षरांसारखी होते. भीमेची लांबी ८६१ आणि कृष्णेची १४०० किलोमीटर अशी मराठी अंकांत भरली, तर ८ हा १ च्या नंतर येतो म्हणून भीमा कृष्णेपेक्षा लांब ठरते. लिस्टमध्ये संख्या इंग्रजी अंकांतच भराव्यात. ‘कऱ्हा’ या नावातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’ आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधात नाव सापडत नाही, जागा शून्य येते आणि उपसागर कधीच न आल्याने प्रोग्रॅम फिरतच राहतो. सर्व संगणकांवर एकच मराठी कळफलक ठेवल्यावर हा प्रश्न मिटला.

लिबरऑफिसमधील डेटाबेसचा प्रोग्रॅम, बेस, मी एकदाच दाखवला. दोन तक्ते जोडून एकत्र उत्तर काढता येते हे पाहण्यापुरता तो ठीक आहे, पण त्याच्या खिडक्या आणि पर्याय या वयाला फार होतात, शिवाय त्याच्या नेहमीच्या स्वरूपासाठी जावा हे आणखी एक सॉफ्टवेअर वेगळे बसवावे लागते. चौथीसाठी कॅल्क पुरेसे आहे.

सध्या धरणांचा दुसरा तक्ता चालू आहे. वीर आणि नीरा देवघर ही दोन्ही धरणे नीरेवर असल्याने ती नदीच्याच ओळीत कोंबता येत नाहीत, वेगळा तक्ता करावा लागतो, हे मुलांनीच सुचवले. त्यातून एका मुलीने विचारले, “बाई, नाझरे धरणातनं सोडलेलं पाणी उजनीत जातं का?” तक्त्याप्रमाणे नाझरे कऱ्हेवर, कऱ्हा नीरेला, नीरा भीमेला आणि उजनी भीमेवर, म्हणजे उत्तर ‘हो’ यायला हवे. नकाशा उघडला तर नीरा भीमेला मिळते ती नरसिंहपूरला, उजनीच्या खाली. संगम धरणाच्या वर आहे की खाली, हे आमच्या तक्त्यात कुठेच नोंदलेले नव्हते. तो रकाना आता वाढवला आहे आणि मुले नकाशावरून एकेक संगम शोधून तो भरत आहेत.