खिडकी, जाळीची वीट आणि ४७ किलोचे चार सिलिंडर: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगते. सिलिंडर चांगले. एका बाजूचे सिलिंडर संपले की आपोआप दुसरी बाजू सुरू करणारा चेंजओव्हर उत्तम. पुरवठादार वाईट. आणि ज्या नियमापायी ऐन थंडीच्या तोंडावर खर्च करावा लागला, तो नियम शंभर टक्के बरोबर. खाली जे लिहिलंय त्यातला बराचसा भाग भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या एका विटेबद्दल आहे, कारण तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

आम्ही इंग्लंडात हेरफर्डशायरमधल्या एका खेड्यात राहतो. पाइपचा गॅस इथे नाही. शेगडी आणि बॉयलर दोन्ही प्रोपेनवर चालतात. घराबाहेर ४७ किलोचे चार सिलिंडर, दोन चालू, दोन राखीव. खेड्यात राहणाऱ्यांना ही रचना पाठ असते, म्हणून वर्णन करत बसत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ड्रायव्हर भरलेले दोन सिलिंडर घेऊन आला. ते अंगणात उतरवले, मागची भिंत पाहिली आणि म्हणाला, इथे मी जोडणार नाही. कारण स्वयंपाकघराची नवी खिडकी. पूर्वी तिथे न उघडणारी छोटी काच होती. उन्हाळ्यात आम्ही तिच्या जागी दोन झडपांची मोठी खिडकी बसवून घेतली. बसवणाऱ्याला तेव्हा सिलिंडरांचं विचारलं होतं. 'गॅस हे माझं काम नाही,' एवढं बोलून त्याने विषय संपवला, आणि काम झाल्यावर खिडकी नियमात बसते असं प्रमाणपत्रही दिलं. ते प्रमाणपत्र काचेचं, चौकटीचं, उष्णता किती जाते त्याचं. पण इथल्या बांधकाम नियमांत असंही आहे की नव्या कामामुळे इमारतीची आधीची स्थिती नियमांतल्या कुठल्याही बाबतीत बिघडता कामा नये. सिलिंडरशेजारी जिथे भिंत बंद होती तिथे ती उघडी केली, म्हणजे बिघडलीच. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं.

त्या दिवशी राग मात्र ड्रायव्हरचाच आला. रात्री पारा दोन अंशांवर, आई पुण्याहून आलेली, चालू सिलिंडर तळाला लागलेला, आणि भरलेले दोन समोर उभे असून उपयोग नाही. पुरवठादाराला फोन केला तर एकच उत्तर: ड्रायव्हरचा निर्णय अंतिम. बरं, मग नेमकं किती अंतर हवं? ते इंजिनिअरला विचारा. लेखी द्याल का? नाही. वर त्या फेरीचे पैसे बिलात लावले. ते मी भांडून परत घेतले, पण त्यासाठी किती वेळा तीच धून ऐकत फोन धरून ठेवला ते माझं मला माहीत. खिडकी बसल्यानंतरही त्यांचेच ड्रायव्हर तोंडातून अवाक्षर न काढता सिलिंडर जोडून जात होते, हेही मी त्यांना सुनावलं. त्यावर उत्तर नाही.

नियम शेवटी मीच शोधला. इंग्लंडच्या बांधकाम नियमांचं 'अप्रूव्हड डॉक्युमेंट जे' सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यात सिलिंडरांबद्दल थोडक्यात पण स्पष्ट लिहिलंय. सिलिंडर घराबाहेर, मोकळ्या हवेत, जमिनीच्या पातळीवर, उभे आणि भिंतीला साखळीने किंवा पट्ट्याने बांधलेले असावेत. खाली सपाट, पक्का पाया हवा, म्हणजे किमान ५० मिलिमीटर काँक्रीट किंवा चुन्या-सिमेंटात बसवलेल्या फरश्या. बाहेर पडायची वाट अडता कामा नये. आणि मुख्य गोष्ट: सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून घरात उघडणाऱ्या कुठल्याही जागेपर्यंत, तसंच बॉयलरच्या धुराड्यापर्यंत किंवा कपडे वाळवायच्या यंत्राच्या नळीपर्यंत, आडवं किमान १ मीटर आणि उभं किमान ३०० मिलिमीटर अंतर. सापळा (म्हणजे पाणी धरून वायू अडवणारं वळण) नसलेलं गटार किंवा तळघराचं झाकण असेल तर २ मीटर, नाहीतर मध्ये किमान २५० मिलिमीटर उंचीची भिंत.

मोजायचं ते व्हॉल्व्हपासून, सिलिंडरच्या अंगापासून नव्हे. ४७ किलोचा सिलिंडर साधारण १.३ मीटर उंच असतो, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह माझ्या छातीशी येतो. आमच्या नव्या खिडकीचा उंबरा कमरेच्या जरा वर आहे. थोडक्यात, उघडी झडप आणि व्हॉल्व्ह एकाच पातळीवर, मध्ये वीतभर हवा. टेप लावल्यावर ड्रायव्हरवरचा राग तिथेच उतरला. तो माणूस बरोबर होता, आणि आधीचे सगळे चुकले होते.

एवढं झाल्यावर मला वाटलं, सिलिंडर त्याच भिंतीला मीटरभर सरकवले की झालं. पाइपाचा एक तुकडा जोडायचा, तासाभराचं काम.

मग गॅसवाला इंजिनिअर आला. इथे एक महत्त्वाची गोष्ट. 'गॅस सेफ' ही गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत नोंदणी, पण ती असलेला प्रत्येक जण सिलिंडरच्या गॅसचं काम करू शकत नाही. ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कोणकोणती कामं करता येतात ते छापलेलं असतं. त्यात एलपीजी आहे का ते बघायचंच. पहिल्यांदा फोनवर मिळालेल्याच्या कार्डावर ते नव्हतं, म्हणून त्याला नको म्हटलं. दुसरा आला तो खिडकीकडे न बघता थेट गुडघ्यांवर बसला आणि भिंतीचा पायथा न्याहाळू लागला.

तिथे जाळीची वीट होती. इथे तिला एअरब्रिक म्हणतात. जुन्या घरांची जमीन फळ्यांची असते, फळ्यांखाली वासे आणि वाशांखाली पोकळी. त्या पोकळीत वारा खेळावा म्हणून भिंतीच्या तळाशी ठिकठिकाणी अशा भोकांच्या विटा बसवतात. आम्ही जिथे सिलिंडर सरकवणार होतो, बरोबर त्याच्या मागे एक होती. वेलीआड गेलेली.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साठतो. खिडकी थंडीत बंद असते, रात्री बंद असते. एअरब्रिक बारा महिने, चोवीस तास उघडी. आणि तिच्यातून आत शिरलेला गॅस स्वयंपाकघरात येत नाही, तो सगळ्या घराच्या जमिनीखाली पसरतो. हवेत जेमतेम दोन टक्के प्रोपेन मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात खरं, पण फळ्यांखाली साठलेल्याचा वास वर येईपर्यंत किती साठलेला असेल? म्हणून म्हणते, खिडकी डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तिचंच अंतर मोजतात, आणि खरा धोका असतो तो घोट्याच्या उंचीवर.

आईला हे काही केल्या पटेना. 'अगं, गॅस वर जातो ना? म्हणून तर आपल्याकडे वरची झडप उघडी ठेवायला सांगतात.' तिचंही चूक नाही. पुण्यात तिच्याकडे आता पाइपचा गॅस आहे, तो नैसर्गिक वायू, हवेहून पुष्कळ हलका, छताकडेच जातो. पण त्याआधी कित्येक वर्षं तिच्याच ओट्याखाली १४.२ किलोचा लाल सिलिंडर होता, आणि त्यातला गॅस जडच. दोन्हींचा वास सारखाच येतो, वागणं मात्र उलटं. तेव्हाचं घर आठवून ती म्हणाली, 'म्हणजे तेव्हा दाराखालची फट होती तेच बरं होतं.' हो, बरंच होतं.

खिडकीवाल्याच्या ओळखीच्या एका गवंड्याने सुचवलं, ती वीट सिमेंटने लिंपून टाका, वीस मिनिटांचं काम. पैसे वाचत होते, तरी आम्ही नाही म्हटलं. वीट लिंपली की फळ्यांखालचा वारा बंद, ओल धरते, वासे कुजतात. गॅसपासून वाचायचं म्हणून घराची जमीन सडवायची नाही. हा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका.

मग जागा उरली ती बाजूची त्रिकोणी भिंत. तिला खिडकी नाही. पण तिथे बॉयलरचं धुराडं, आणखी एक एअरब्रिक आणि पुढे पावसाच्या पाण्याचं जुनं, सापळा नसलेलं गटार. या तिन्हींपासून अंतर राखत राखत शेवटी एकच पट्टा मिळाला, आणि गटारापासून तोही दोन मीटर भरेना. इंजिनिअरने मध्ये विटांची बुटकी भिंत घालायला सांगितलं. तीन थरांत २५० मिलिमीटर भरत नाहीत, म्हणून चार घातले. खाली फरश्या, भिंतीला साखळ्या. पाइप लांबला म्हणून तो जास्त व्यासाचा घ्यावा लागला, नाहीतर बॉयलरपर्यंत दाब पुरत नाही. शेगडी आणि बॉयलर ३७ मिलिबारवर चालतात. नवा रेग्युलेटर दाब वाढला तर स्वतःच बंद होणारा आहे. सगळं मिळून ६५० पौंडांच्या आसपास गेले. एका भरलेल्या सिलिंडरला आम्ही ९० च्या आसपास देतो, म्हणजे सात सिलिंडर हातचे गेले. खिडकीवाल्याने आधीच तोंड उघडलं असतं तर खिडकीची जागा हातभर बदलून यातलं पुष्कळ वाचलं असतं. ते पैसे मला अजून बोचतात.

मोठी टाकीच का नाही घेतली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. १.१ टनापर्यंतच्या टाकीला इमारतीपासून आणि हद्दीपासून ३ मीटर लागतात. मध्ये आगरोधक भिंत बांधली तर कमी चालतं, पण आमच्या अंगणात तेही जमेना.

आता चेंजओव्हर. तो घ्यायचा नाही असं माझं मत होतं. हाताने बदलणारा स्वस्त होता, आणि पाना फिरवायला कितीसा वेळ लागतो? प्रोपेनच्या सिलिंडरला उलट्या आट्या असतात एवढं लक्षात ठेवलं की झालं. जानेवारीने मत बदललं. द्रवाचा वायू होताना सिलिंडर स्वतः गार पडतो. बॉयलर जोरात ओढत असेल तर अंगावर पांढरं दव गोठतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो म्हणून तो थंडीत अडत नाही, पण एकट्या सिलिंडरवर ताण येतो. दोन दोन जोडलेले असल्याने तो विभागला जातो. पहाटे एक बाजू संपली आणि दुसरी सुरू झाली, आत कुणाला पत्ताही नाही. बॉयलर क्षणभरही थांबला नाही. आई त्या आठवड्यात आजारी होती. त्या एका पहाटेत त्याची किंमत वसूल झाली.

दोष एकच, पण खटकणारा. बाजू बदलली हे तो फक्त स्वतःवरच्या छोट्या काचेत लाल खूण दाखवून सांगतो, आणि ती बघायला पावसात बॅटरी घेऊन घराला वळसा घालावा लागतो. न बघितल्यास राखीव बाजूही गुपचूप संपते. आम्ही दर रविवारी बघायचं ठरवलंय. स्वस्तातल्या साखळ्या डिसेंबरातच गंजल्या, त्या बदलल्या. ४७ किलो हे नुसत्या गॅसचं वजन; लोखंडासकट शंभर किलोच्या आसपास जाणारा भरलेला सिलिंडर अंगणातल्या खडीवरून ढकलता येत नाही, म्हणून फाटकापासून फरश्यांची वाट करावी लागली; हा खर्च वरच्या आकड्यात धरलेला नाही. घरात एलपीजीचा अलार्मही बसवला, जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, त्याच्या जागी हा चालत नाही.

हे अर्धं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात मार्चमध्ये समोरच्या आजोबांकडे खिडक्यांचं काम निघालं. मी टेप घेऊन गेले. खिडकीपासून अंतर व्यवस्थित होतं, त्यांनी स्वतः मोजलं होतं. सिलिंडरमागची पानं बाजूला केली तर तळाशी जाळीची वीट. त्यांचा पुरवठादार वेगळा. त्याने लगेच माणूस पाठवला आणि जागा लेखी आखून दिली. असंही करता येतं, हे तेव्हा कळलं. म्हणून आमच्या पुरवठादाराला मी तीनातला एकच गुण देतेय. तो एक ऑक्टोबरातल्या त्या ड्रायव्हरचा.

सप्टेंबरमध्ये आमचा करार संपतोय, आणि आम्ही आजोबांच्या पुरवठादाराकडे जाणार आहोत. सिलिंडर कंपनीचे असतात, ते परत जातील. रेग्युलेटर, चेंजओव्हर आणि फरश्या आमच्या. ४७ किलोच्या सिलिंडरांची जोडणी दोन्हीकडे सारखीच आहे, हे इंजिनिअरकडून विचारून घेतलंय, त्यामुळे पुन्हा पाइपाला हात लावावा लागणार नाही.