लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुत्रं ठेवायचं कुठं: घरी, हॉस्टेलला की शेतावर?

दसऱ्याला आपट्याची पानं देतानाच यंदा कुणीतरी विचारलं, "दिवाळीत कुत्र्याचं काय करता हो तुम्ही?" आमचा गुंड्या गावठी, सात वर्षांचा. नाव गुंड्या असलं तरी सुतळी बॉम्ब वाजला की थेट दिवाणाखाली. तिन्ही ठिकाणी दिवाळ्या काढून झाल्यात, म्हणून जे दिसलं ते सांगतो. तुमचं जनावर वेगळं असेल, तेवढं गृहीत धरा.

शेताचं आधी उरकतो. मेव्हण्याचं रान मोहोळकडं, चहूबाजूंनी ऊस. संध्याकाळी इतकं शांत, की दरवर्षी इथंच आणायचं असं ठरवूनच टाकलं. रात्री दोनच्या सुमाराला शेजारच्या उसात रानडुकरं शिरली आणि त्यांना हुसकायला राखणीवाल्यानं धडाधड बॉम्ब लावले. शहरातले फटाके निदान दहा-अकराला थांबतात, रानातल्यांना वेळच नाही. वर वस्तीवरची कुत्री पाहुण्याला जवळ येऊ देईनात. सोलापूर ते मोहोळ गाडीत दोनदा ओकला, ते वेगळंच.

हॉस्टेलचं प्रकरण मात्र नीट सांगण्यासारखं आहे. शहराबाहेरची एक जागा बघितली. खोल्या स्वच्छ, लसीचं कार्ड तपासल्याशिवाय आत घेत नव्हते, माणूसही जीव लावणारा. वसुबारसेला सोडून आलो. रोज व्हिडिओ यायचा, गुंड्या शेपटी हलवतोय, दूधभात खातोय. लक्ष्मीपूजनाला सहा वाजता शेवटचा व्हिडिओ आला आणि मग फोनच कुणी उचलेना. सात, आठ, नऊ. आमच्या घरी पूजा, फराळ, पाहुणे, आणि माझा हात सारखा खिशात.

भाऊबीजेला आणायला गेलो तर पुढच्या दोन्ही पंजांची नखं मुळापासून झिजलेली, एकातनं रक्त येऊन सुकलेलं. पत्र्याचं दार रात्रभर खरवडलं होतं. विचारलं तर त्या भल्या माणसानं अगदी सरळपणे सांगितलं, "अहो, धंद्याची जागा आहे, पूजा केली. मग एक माळ तर लावावीच लागते की!"

माळ. कुत्र्यांच्या हॉस्टेलच्या अंगणात.

त्याचा राग करावा असंही वाटेना. दुकान, गाळा, कारखाना, कुठंही पूजा झाली की माळ लागतेच, त्याला त्यात वावगं दिसलं नाही. पण माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. सगळी हॉस्टेलं अशी असतील असं मी म्हणणार नाही. तिथं ठेवणारच असाल, तर खोलीच्या आकारापेक्षा दोनच गोष्टी विचारा: त्या रात्री आत कोण झोपतं, आणि तुमची माळ कुठं लागते?

तेव्हापासून गुंड्या घरीच. जुळे सोलापुरातलं आमचं घर बैठं, मधल्या खोलीला एकच खिडकी. तिला सोलापुरी चादर दुहेरी करून खिळ्यांवर लावतो. पातळ पडद्यातनं उजेडाचे लोळ दिसतात, या जाड चादरीतनं काही दिसत नाही. उन्हाळ्यातला कूलर पाणी न भरता नुसता पंख्यावर सोडायचा. त्याच्या घरघरीत लांबचे आवाज विरतात. जवळचा बॉम्ब ऐकू येतोच, पण गुंड्या अंग ताठ करून मान वर करतो आणि पुन्हा चादरीच्या दुसऱ्या तुकड्यावर पडतो. फिरवणं आणि जेवण साडेपाचच्या आत. पट्टा घरातही गळ्यात, त्यावर मार्करनं फोन नंबर, कारण फराळाला येणारे फाटक उघडंच टाकतात.

आणि लोक विसरतात ती नरक चतुर्दशीची पहाट. पहिल्या आंघोळीचे फटाके अंधारातच सुरू होतात आणि आपण सवयीनं पाचला साखळी घेऊन बाहेर.

घरच्या पर्यायाची किंमतही आहेच. कुणीतरी एकानं पूजा सोडून आत बसायचं. ते मी बसतो. आई दरवर्षी देवापाशी बसल्या बसल्या म्हणते, "लक्ष्मी दारात आली, आणि हा कुत्र्यापाशी!" पुढं लाडूचं ताट माझ्याकडं तीच पाठवते. त्या लाडवावर नजर ठेवा. पंढरपूरच्या बाजूला पिकणारा बेदाणा आपल्याकडं सढळ हातानं पडतो, आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाला तो बाधतो. चॉकलेटही कुत्र्याला बाधतंच.

गोळीचं काहीजण सुचवतात. द्यायचीच तर दसऱ्यानंतर लगेच डॉक्टरांना दाखवून घ्या, ऐनवेळी मेडिकलमधनं आणू नका. नुसती गुंगीची गोळी दिली की अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. घाबरलेल्याला पळताही येत नाही, इतकंच.

तुमचं घर नवी पेठेसारख्या बाजारात, दुकानांच्या डोक्यावर असेल, तर माझं ऐकू नका. तिथं प्रत्येक गाळ्याची माळ खिडकीखालीच वाजणार, कूलर बिचारा काय करील! रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाची २००५ पासून मनाई आहे, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यावर कुणी विसंबू नये. अशांनी हॉस्टेलच बघावं, फक्त आधी एखाद्या साध्या रविवारी एक रात्र ठेवून. बाकी ज्यांच्याकडं आतली एक खोली आहे आणि पूजेला न बसलं तरी चालेल असं एक माणूस आहे, त्यांनी हॉस्टेलचे पैसे वाचवावेत असं मला आपलं वाटतं.

खिडकीचे खिळे आम्ही भाऊबीजेनंतर काढत नाही. चादर धुऊन परत तिथंच. जानेवारीत सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं. आवाज आमच्यापर्यंत पुसटच येतो, पण गुंड्या त्याच्या आधीच मधल्या खोलीच्या दाराशी जाऊन बसलेला असतो.