जळगावच्या उन्हात क्लेमॅटिस आणि वासाची झाडं: दिवाळीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

क्लेमॅटिस नावाचा मोठ्या फुलांचा वेल आपल्या उन्हात टिकतो का आणि वासासाठी घ्यावा का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून निकाल आधीच सांगते. क्लेमॅटिस जळगावात जगतो, फुलतो पण, आणि फुलला की येणारा-जाणारा थांबून बघतो. पण वासासाठी घेणार असाल तर ते पैसे मोगरा, जुई आणि मधुमालतीवर घाला, कारण मोठ्या फुलांचे जे क्लेमॅटिस आपल्याकडे कुरियरने मिळतात त्यांना वास जवळजवळ नसतोच. मी दिवाळीनंतर लावला, आता पोळा होऊन गेला, म्हणजे हिवाळा उन्हाळा पावसाळा तिन्ही त्याने बघितले आणि मी पण, म्हणून आत्ता लिहितेय. पहिलं फूल आलं की फोटो टाकून पाच स्टार देतात ते रिव्ह्यू मला घेताना काहीच कामाला आले नव्हते.

जागा सांगते म्हणजे ताडून बघता येईल. गावाच्या कडेची कॉलनी, मागे कपाशी, जमीन काळी आणि भारी, पाणी बोअरचं आणि इतकं क्षाराचं की बादलीला पांढरा थर धरतो. एक भिंत पूर्वेची, एक पश्चिमेची, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला दिवेलागणीला हात लावला तरी चटका बसतो. पुण्याच्या नाहीतर बंगलोरच्या माणसाचा बागेचा सल्ला इथे निम्माच लागू पडतो, जळगाव-भुसावळला ४५ डिग्री म्हणजे बातमी नाही, दर वर्षीचं आहे.

क्लेमॅटिस घेताना सगळ्यात आधी बियांचा नाद सोडा. निळ्या-जांभळ्या फुलांचे फोटो लावून पाकिटं विकतात, पण हायब्रीडच्या बीपासून आईसारखं फूल येत नाही आणि मोठ्या फुलांच्या जातींचं बी उगवायलाच कित्येक महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. रोपच घ्यायचं. त्यातही तिसऱ्या छाटणी गटातलं. क्लेमॅटिसचे छाटणीवरून तीन गट करतात, पहिला जुन्या फांदीवर फुलतो, दुसरा आधी जुन्या आणि मग नव्या, आणि तिसरा फक्त त्या वर्षीच्या नव्या फुटव्यावर. आपल्याला तिसरा का, तर वरचा सगळा वेल उन्हाने जळाला तरी बुडातून नवीन धुमारा येतो आणि त्याच्यावर फूल धरतं, जुनी फांदी गेली म्हणून वर्ष वाया जात नाही. मी जॅकमनाई घेतला तो याच कारणासाठी. फार जुनी जात आहे, इंग्लंडमध्ये वोकिंगच्या जॅकमन नर्सरीत तिला पहिलं फूल आलं ते 1862 मध्ये, आणि अजून जगभर विकली जाते, म्हणजे चिवट असणारच हा माझा हिशोब होता. नेली मोझर पण दिसायला फार गोड, फिक्या गुलाबी पाकळीवर गडद पट्टा, पण तिचा रंग कडक उन्हात विटतो हे तिला वाढवणारे सगळेच सांगतात, आपल्याकडे तर काय उरणार.

विकणाऱ्याच्या पानावर 'सुगंधी वेल' लिहिलं होतं. जानेवारीच्या शेवटी पहिलं फूल उघडलं, तळहाताएवढं जांभळं, मखमली म्हणावं असं, सासूबाई मुद्दाम चष्मा लावून आल्या, नाक लावलं आणि म्हणाल्या, "याले वासच नही शे ना व माय!" खरंच नव्हता. सकाळी नाही, रात्री नाही. रोप चांगलं दिलं, पॅकिंग चांगलं होतं, पण वासाचं लिहायला नको होतं, तेवढ्या एका शब्दावर लोक पैसे टाकतात. वासाचे क्लेमॅटिस असतात, नाही असं नाही. हिमालयातला माँटाना, त्याला व्हॅनिलासारखा वास, चीनचा आर्मंडाय, जपानकडचा शरदात फुलणारा टर्निफ्लोरा. पण माँटाना थंड डोंगरातला, तो तापीकाठी आणून लावणं म्हणजे झाडाचा छळ, मला पटत नाही.

आता सांभाळायचं कसं ते. क्लेमॅटिसचं डोकं उन्हात आणि पाय सावलीत पाहिजेत असं म्हणतात, आपल्याकडे डोक्याला पण सकाळचंच ऊन पुरे. पूर्वेची भिंत, अकरा-साडेअकरानंतर सावली. काळ्या मातीत थेट लावला नाही, कारण ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि बारीक मुळ्या तुटतात, पावसाळ्यात फुगून पाणी धरून बसते आणि मुळ्या सडतात. मुरूम, जाड वाळू आणि जुनं शेणखत मिसळून जरा उंच वाफा केला. लावताना दोन-तीन इंच खोड मातीखाली घातलं, हे महत्त्वाचं आहे, बाकी झाडांना असं करत नाहीत पण क्लेमॅटिसला करायचं, मातीखालचे डोळे वाचले की वरचं गेलं तरी झाड जात नाही. बोअरच्या पाण्याचं मला टेन्शन होतं पण त्याने काही तक्रार केली नाही, याला चुन्याची जमीन चालते. बुडाशी केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर, आपल्याकडे केळीचा पाला मागितला तर कोणी नाही म्हणत नाही, आणि त्याच्याखालून ठिबकची नळी. आधाराला बांबू देऊ नका, हा वेल पानाचा देठ गुंडाळून चढतो आणि देठ जाड काठीला गुंडाळताच येत नाही, मी पऱ्हाट्या रोवल्या आणि वर बारीक जाळी. कपाशी निघाली की पऱ्हाट्या फुकट मिळतात आणि त्यांच्या बारीक फांद्या याला बरोबर जमतात.

फेब्रुवारी-मार्चात फुलं भरपूर आली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पानांच्या कडा करपल्या होत्या, मेमध्ये वरचा अर्धा वेल वाळला, शेडनेट लावूनसुद्धा. पाणी वाढवलं नाही, फक्त वाफसा टिकवला. जूनचा पाऊस पडला आणि बुडातून लालसर धुमारे आले, मला फार आनंद झाला. मग जुलैत झडी लागली तेव्हा एक फांदी बघता बघता मान टाकून काळी पडली. याला क्लेमॅटिस विल्ट म्हणतात, बुरशी आहे, फवारत बसण्यापेक्षा खालच्या निरोगी भागापर्यंत कापून ते तुकडे जाळून टाकायचे. कापताना हातमोजे घाला, रसाने कातडीला खाज येते आणि पोटात गेला तर विषारी, लहान मुलं किंवा शेळ्या असतील तर भान ठेवा. बाकीच्या फांद्या ठीक आहेत, आत्ता चांगला पुरुषभर चढलाय.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, क्लेमॅटिस आपल्याला परका नाही. सह्याद्रीत मोरवेल किंवा रानजाई म्हणतात तो याच कुळातला, पावसाळ्यानंतर झुडपांवर पांढऱ्या फुलांचा पसारा घालतो आणि मग बियांना पिसांसारख्या शेपट्या फुटतात. देशी झाडांच्या नर्सरीत विचारून बघा. रानातून उपटून आणू नका, बी गोळा करा.

आता वासाचं, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितेय. चांगल्या क्लेमॅटिसच्या एका रोपाच्या पैशात मोगऱ्याची चार-पाच रोपं येतात आणि मोगरा आपल्या उन्हाला घाबरत नाही, उलट उन्हातच फुलतो. हिवाळ्याच्या शेवटी पाणी तोडायचं, छाटणी करायची, पानं उतरवायची, मग शेणखत आणि निंबोळी पेंड घालून पाणी सुरू करायचं, मार्चपासून कळ्या सुरू. एप्रिल-मेमध्ये जेव्हा घरात जीव नकोसा होतो तेव्हा ओट्यावर तो वास आला की माणूस बाहेर येऊन बसतो, दुसरं कुठलंच झाड मला हे देत नाही. बटमोगऱ्याचं फूल गच्च आणि गोल, मदनबाणाची कळी लांब टोकदार, गजऱ्याला मदनबाण बरा पडतो. कळ्या जांभळट पडून आत भोक दिसलं तर कळी पोखरणारी अळी, त्या कळ्या तोडून नष्ट करा. कोरड्या हवेत लाल कोळी येतो, पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा मारला की बराच आटोक्यात राहतो.

जाई, जुई, चमेली, सायली, कुंद या नावांचा नर्सरीत मोठा गोंधळ आहे, एका नावाखाली दुसरंच देतात, म्हणून पान बघून घ्या. जुईचं पान लहान आणि त्याच्या देठाशी दोन बारीक पानं, कानांसारखी. जाईच्या एका देठावर पाच, सात नाहीतर नऊ पानं, जोडीजोडीने आणि टोकाला एकटं, आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक. कुंदाची कोवळी फांदी लवदार. मोगऱ्याचं पान सुटं आणि गोलसर. माझी जुई पावसाच्या तोंडावर सुरू झाली ती अजून फुलतेय, कुंद थंडीत फुलतो, म्हणजे मोगरा, जुई, कुंद अशी तिघं लावली की वर्षातला फार थोडा काळ बिनवासाचा जातो. तिघांचा वास वेगळा. मला जुईचा सगळ्यात आवडतो, हलका असतो, अंगावर येत नाही.

पश्चिमेच्या त्या तापलेल्या भिंतीला मधुमालती लावली आणि तिने भिंत झाकूनच टाकली. रात्री फूल उघडतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, एकाच घोसात तिन्ही रंग, आणि वास रात्री. रात्रीचे मोठे पतंग येतात तिच्यावर, पांढरी रात्रफुलं त्यांच्यासाठीच तर वास सोडतात. छाटायला आळस केला तर ग्रील आणि वायरी सगळं धरते, तेवढं एक.

रातराणी जुई-मोगऱ्याच्या कुळातली नाही, ती वांग्या-मिरचीच्या कुळातली, आणि तिच्यावर पांढरी माशी पण तशीच बसते, मागे कपाशी असेल तर जास्तच. वास फार उग्र, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली लावू नका, आमच्या शेजारच्या काकूंना दम्याचा त्रास आहे म्हणून मी कंपाउंडच्या लांबच्या कोपऱ्यात लावली. फळं विषारी असतात.

कुंतीबद्दल एक सूचना, ज्यांची लिंबू-मोसंबीची बाग आहे त्यांनी घराजवळ लावू नये. ती लिंबाच्याच कुळातली आणि लिंबावरची सिला कीड तिच्यावर आनंदाने वाढते. बाकीच्यांनी जरूर लावा, पाऊस पडून गेला की पूर्ण झुडूप एकदम पांढरं होतं.

आणि अनंत. आईच्या माहेरी कोकणात त्याचं झाड आहे आणि मला तो हवाच होता, पण खरं ते लिहिते, आपली माती आणि बोअरचं पाणी त्याला झेपत नाही. त्याला आम्ल माती लागते, आपल्याकडे पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणजे लोह मिळत नाही. कुंडीत लाल माती, कोकोपीट आणि शेणखत, पावसाचं साठवलेलं पाणी आणि अधूनमधून चिलेटेड लोह, एवढं केल्यावर आता पानं हिरवी आहेत, पण मेच्या झळांनी कळ्या गळाल्या, मोजकीच फुलं मिळाली. हौस असेल आणि वेळ असेल तरच घ्या. निशिगंध त्यापेक्षा किती सोपा, कंद लावा आणि विसरा, फक्त सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांचा घ्या, डबल दिसायला भरदार पण वास सिंगलला जास्त. राहुरी विद्यापीठाची 'फुले रजनी' ही जात मिळाली तर तीच.

खरेदीचं थोडं. नर्सरीत दुपारी बाराला जाऊन वासाची झाडं घेऊ नका, यातली बहुतेक फुलं संध्याकाळी उघडतात, तेव्हाच जा, फुललेलं झाड नाकाला लावून घ्या, लेबलवर विश्वास ठेवू नका. पिशवीच्या खालच्या भोकातून मुळ्या जाड गुंडाळून बाहेर आल्या असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस अडकलंय. क्लेमॅटिसला बुडातून किमान दोन फुटवे असलेलं रोप मागा, उंची बघू नका. कुरियरने मागवायचं तर दसरा ते जानेवारी, होळीनंतर अजिबात नाही, बंद गाडीत रोप शिजून येतं. इथलीच रोपं पाऊस सुरू झाल्यावर लावली तरी चालतात.

जुईची आणखी रोपं विकत घेऊ नका. पावसाळ्यात एक लांब फांदी वाकवून मधला भाग जरा सोलून मातीत दाबा, वर दगड ठेवा, दिवाळीपर्यंत मुळ्या फुटलेल्या असतात, मग आईपासून कापून दुसरीकडे लावा. मोगऱ्याचं पण असंच होतं. यंदा मी दाबलेल्या फांद्या कॉलनीत आधीच वाटून झाल्यात, पण ओळखीत कुणाकडे जुई असेल तर त्यांच्याकडे मागा, आणि मागायला जाल ते संध्याकाळीच जा.